लवण-गुळाचे पाणी : बांगलादेशातील एका आरोग्यज्ञानाच्या प्रसाराचा इतिहास

सन १९६८ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनहून निघणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील मंडळींचा एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश हे दोन तरुण अमेरिकन डॉक्टर आणि त्यांचे बंगाली सहकारी यांनी कॉलऱ्याच्या २९ प्रौढ रुग्णांवर केलेल्या उपचारांची हकीगत त्यात होती. ग्लुकोज व क्षार योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी रुग्णाला तोंडाने पाजत राहिल्यास शिरेतून द्यावे लागणारे सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दहा वर्षांनंतर याच साप्ताहिकाने आपल्या अग्रलेखात या उपचारामागील शोध कदाचित विसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असा अभिप्राय दिला. आणि तरीही १९८० च्या सुमारास जगात अतिसाराने मरण पावणाऱ्या पाच वर्षांखालील बालकांची वार्षिक संख्या सुमारे ४६ लाख असावी, असा अंदाज तज्ज्ञांनी केला होता. त्यात चीनमधील बालके धरलेली नव्हती. यांपैकी फार मोठा भाग अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, म्हणजे शोष पडून, दगावत होता. मूठभर साखर आणि चिमूटभर मीठ यांनी जे टळावयाचे, ते टळत नव्हते.

ज्ञान सिद्ध होणे आणि ते ज्यांच्या उपयोगाचे आहे त्यांच्या हाती पडणे, या दोन घटनांमध्ये येथे एका तपाहून अधिक काळ लोटला. या काळात प्रयोगशाळेत नवे असे फारसे काही शोधावयाचे उरले नव्हते. अडचण होती ती मुख्यतः मापांची, शब्दांची आणि विश्वासाची; आणि ती कशी दूर झाली, याचा इतिहास वैद्यकाच्या इतकाच भाषेच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारा आहे.

या उपचाराची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. कॉलऱ्याच्या रोग्याच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडण्याचा प्रयोग स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा याने १८३२ मध्ये केला होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ही पद्धती शास्त्रशुद्ध पायावर आणली. तोंडाने पाणी देण्याचा विचारही अगदीच नवा नव्हता. हेमेंद्रनाथ चटर्जी या कलकत्त्याच्याच वैद्याने मीठ व ग्लुकोज यांचे पाणी देऊन बरे केलेल्या रोग्यांची माहिती १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच दिली होती. ओकारी थांबावी म्हणून त्यांनी एका वनस्पतीच्या पानांचा रसही वापरला होता. त्यांच्या लेखाकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. मीठ आणि साखर एकत्र का द्यावी, याचे शरीरशास्त्रीय कारण तेव्हा हाती नव्हते, हे त्याचे एक कारण असावे. ते कारण १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने मांडले. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आत शिरताना सोडियमला बरोबर घेऊन शिरते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. कॉलऱ्यात पुष्कळ काही बिघडते. हा एक मार्ग मात्र शाबूत राहतो. पुढे मनिला येथे १९६२ मध्ये केलेल्या एका प्रयोगात द्रावणाचे प्रमाण चुकल्याने काही रुग्ण दगावले आणि डॉक्टरांच्या मनात या उपचाराविषयी धास्ती बसली. ढाका आणि कलकत्ता येथील संशोधकांनी नंतरच्या पाच-सहा वर्षांत प्रमाण निश्चित केले. येथवरचा इतिहास विद्वानांनी विद्वानांसाठी केलेल्या संशोधनाचा आहे.

त्याला रुग्णालयाबाहेर काढले ते १९७१ च्या युद्धाने. पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि त्यांच्या छावण्यांतून कॉलरा पसरला. सीमेवरील बनगाव येथील रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्यावर उपचारांची जबाबदारी होती. खाटा पुरत नव्हत्या, रोगी जमिनीवर पडलेले होते, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा एका लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाच्या पिशव्या कलकत्त्यात भरून बनगावला पाठविण्यात आल्या. लिटरमागे खर्च सुमारे ११ पैसे. तेथे ते पाणी पिंपांत कालवावयाचे आणि रोग्याच्या नातेवाइकांनी, बहुधा आईने किंवा बहिणीने, पेल्याने पाजावयाचे. तीन हजारांहून अधिक रोग्यांवर असे उपचार झाले. एरवी ३० टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण तेथे ३.६ टक्क्यांवर आले. द्रावण तयार करण्याची रीत सांगणारी पत्रके सीमेवर वाटण्यात आली, आणि बांगलादेशाच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही ती प्रसृत झाली.

महालनबीस यांनी या पाण्याला जे नाव दिले ते लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी ‘ओरल सलाईन’ असा शब्द वापरला. सलाईन म्हणजे सुईने शिरेत जाणारे, सामर्थ्यवान, डॉक्टरांचे औषध, हे तेथील कर्मचाऱ्यांना आणि लोकांनाही ठाऊक होते. तेच आता तोंडाने द्यावयाचे आहे, एवढेच नव्या शब्दाने सांगितले. निव्वळ मीठ-साखरेचे पाणी म्हटले असते तर ज्याचा भाऊ डोळ्यांदेखत वाळून चालला आहे असा मनुष्य त्यावर विसंबून राहिला असता, असे वाटत नाही. पुढे बांगलादेशात ‘खाबार स्यालाइन’, म्हणजे खाण्याचे सलाईन, हेच नाव सर्वतोमुखी झाले. (बंगालीत पाणीही ‘खातात’.) आपल्याकडे शासकीय आरोग्यखात्याने त्याच वस्तूसाठी ‘जलसंजीवनी’ हा शब्द रूढ केला. दोन्ही शब्द प्रतिष्ठेचा आधार घेतात. एकाची प्रतिष्ठा रुग्णालयातील, दुसऱ्याची पुराणातील. मराठीतील नाव अधिक सुंदर आहे यात शंका नाही. पण त्यावरून त्या पाण्यात काय आहे आणि ते कशाच्या जागी द्यावयाचे आहे, याचा बोध होत नाही.

युद्ध संपले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. तयार पाकिटे हा उत्तम उपाय होता, परंतु त्या देशात तेव्हा पाकिटे पुरेशी तयार होत नव्हती, आणि जी होत ती खेड्यांपर्यंत पोहोचत नव्हती. फजले हसन आबेद (१९३६–२०१९) यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने या अडचणीतून वेगळी वाट काढली. वस्तू पोहोचत नसेल तर विद्या पोहोचवावी, आणि प्रत्येक आईला घरच्या घरी हे पाणी करावयास शिकवावे, असा विचार तिने केला. ईशान्येकडील शुल्ला या हावरांच्या, म्हणजे पावसाळ्यात समुद्रासारख्या भरणाऱ्या पाणथळींच्या, मुलखात १९७९ मध्ये पहिला प्रयोग झाला आणि १९८० मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली.

येथे मापांचा प्रश्न उभा राहिला. खेड्यातील झोपडीत ना तराजू, ना चमचा. ग्लुकोज नाही, पण गूळ आहे; शिवाय गुळात पोटॅशियम असते, हा अधिकचा लाभ. मीठ सर्वत्र आहे. म्हणून हात हेच माप ठरले: तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. हे सूत्र वरवर पाहता लोकगीतातील ओळीसारखे सोपे वाटते. परंतु त्यामागे पुष्कळ परिश्रम होते. मीठ अधिक पडले तर लहान मुलाच्या जिवाला धोका, कमी पडले तर गुण नाही. तेव्हा स्त्रियांनी केलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून त्यांतील सोडियमचे प्रमाण मोजण्यात येई. चिमूट किती बोटांची, ती कोणत्या पेरापर्यंत भरावयाची, अशा तपशिलांवर खल झाला. आपल्या भाषांत चिमूट, मूठ, ओंजळ, पसा ही मापे शतकानुशतके आहेत, पण ती अंदाजाची मापे म्हणून. औषधाच्या निश्चित मात्रेसाठी त्यांचा असा उपयोग करून पाहणे, आणि तो प्रयोगशाळेच्या कसोटीला लावणे, हे नवे होते.

शेराची अडचण वेगळी होती. अर्धा शेर पाणी म्हणजे सुमारे ४६७ मिलिलिटर. पण घरोघरची भांडी वेगवेगळी. यास्तव सेविका मापाचे भांडे बरोबर नेई आणि त्या घरातील नेहमीच्या एखाद्या भांड्यात अर्धा शेर पाणी कोठवर येते तेथे खूण करून देई. इतके होते न होते तोच १९८२ मध्ये बांगलादेशाने मेट्रिक मापे स्वीकारली आणि शेर हे माप अधिकृत व्यवहारातून गेले. शिकविलेल्या सूत्रातील एक शब्द कायद्यानेच जुना ठरविला. लोकांच्या बोलण्यातून तो लगोलग गेला नाही, हे सांगावयास नकोच.

शिकविण्याची पद्धतीही विचारपूर्वक ठरविलेली होती. थोडेफार शिकलेल्या स्त्रियांची पथके गावोगाव जात. एक सेविका दिवसाला सुमारे दहा घरे घेई आणि प्रत्येक आईला तिच्याच अंगणात, तिच्याच हाताने ते पाणी करावयास लावी. आरंभी दहा मुद्दे शिकविले जात. ते फार होतात असे दिसून आल्यावर सात केले. खरी नवलाई होती ती वेतनाच्या रीतीत. काही आठवड्यांनी दुसरा एक कर्मचारी काही निवडक घरी जाऊन आईला प्रश्न विचारी आणि तिच्याकडून पाणी करवून घेई. तिला किती आठवते यावर शिकविणाऱ्या सेविकेचा मोबदला ठरे. सर्व सांगितले तर पूर्ण दर, कमी सांगितले तर कमी, काहीच आठवले नाही तर काहीच नाही. विद्यापीठीय वर्तुळात या योजनेचे फारसे स्वागत होईल असे वाटत नाही. खेड्यांत मात्र तिचा उत्तम परिणाम झाला. स्त्रियांच्या स्मरणाची परीक्षा घेतली असता त्या बहुसंख्येने उत्तीर्ण होत, आणि त्यांनी केलेले पाणीही बहुतांशी योग्य प्रमाणाचे निघे.

आणि येथेच मोहिमेच्या चालकांना धक्का बसला. मुलाला अतिसार झाला असता ते पाणी खरोखर किती जणींनी दिले, याची पाहणी केली तेव्हा ते प्रमाण फारच अल्प निघाले. ज्ञान होते, कृती नव्हती. अशा प्रसंगी खेडूत स्त्रिया अज्ञानी आहेत, परंपरेला चिकटून आहेत, असे म्हणून मोकळे होण्याची सुशिक्षितांची सवय जुनी आहे. मुश्ताक चौधुरी व त्यांचे सहकारी यांनी तसे न करता, लोक या रोगाविषयी कसे बोलतात त्याचा शोध घेतला.

शोधाअंती असे आढळले की संशोधक ज्याला एका शब्दाने अतिसार म्हणत होते, त्याचे बंगाली आईच्या भाषेत चार वेगवेगळे आजार होते. अंगावर पिणाऱ्या मुलाला पातळ शौचास होते ते ‘दुध-हागा’. बाधक अन्नाने होते ते ‘अजीर्ण’. शेम पडते, मुरडा येतो ती ‘आमाशा’. आणि पाण्यासारखे वारंवार होऊन माणूस गळून जातो, तो ‘डायरिया’. सेविकांनी शिकविले होते ते ‘डायरिया’ झाल्यास लवण-गुळाचे पाणी द्यावे म्हणून. बायकांनी ते शब्दशः पाळले. डायरियात त्यांतील पुष्कळ जणी ते पाणी देत. बाकीच्या तिन्हींत देत नसत, कारण तो त्यांच्या लेखी डायरिया नव्हता. आणि मुलांना होणाऱ्या एकंदर आजारपणात डायरियाचा वाटा अगदी थोडा होता.

या चार शब्दांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘दुध-हागा’ हा शब्द उघडच देशी घडणीचा आहे. त्यातील धातू मराठी ‘हगवण’मध्येही आहे. ‘अजीर्ण’ तत्सम असून दोन्ही भाषांत जवळजवळ समानार्थी आहे. बंगाली उच्चार तेवढा ‘ओजिर्नो’. ‘आमाशा’ हा संस्कृत ‘आमाशय’ या शब्दापासून आलेला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ जठर, बंगालीत तो अवयवावरून विकारावर गेला. मराठी ‘आमांश’ याच कुळातील. राहिला ‘डायरिया’. इंग्रजीत हा शब्द व्यापक आहे. साध्या जुलाबापासून कॉलऱ्यापर्यंत सारे त्यात येते. बंगालच्या खेड्यात त्याचा अर्थसंकोच झाला आणि तो सर्वांत उग्र प्रकारालाच लागला. परका शब्द भाषेत येतो तेव्हा मोकळी असलेली जागा घेतो. साध्या प्रकारांना घरची नावे होतीच. उग्र प्रकाराचे जुने नाव ‘ओलाउठा’ हे होते: खाली जाणे आणि वर येणे, म्हणजे रेच आणि वांती. परंतु त्या नावाभोवती भय दाटलेले होते. हिंदूंची ओलादेवी आणि मुसलमानांची ओलाबीबी ही त्याच रोगाची देवता. मरीआईचे नाव मोठ्याने न घेणाऱ्या मराठी घरांना याचे नवल वाटू नये. अशा शब्दाच्या जागी रुग्णालयातून आलेला, देवतेचा कोप न सुचविणारा शब्द बसावा, हे स्वाभाविक होते. शब्द डॉक्टरांचाच होता. फक्त डॉक्टर तो एका अर्थाने उच्चारीत आणि आई दुसऱ्या अर्थाने ऐके, आणि उच्चार एकच असल्यामुळे ही तफावत दोघांच्याही ध्यानात येत नसे. अनोळखी शब्द असता तर कोणीतरी त्याचा अर्थ तरी विचारला असता.

आपल्याकडेही या रोगाच्या नावांचा इतिहास असाच गुंतागुंतीचा आहे. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने कॉलऱ्यासारख्या विकाराचे जे स्थानिक नाव नोंदविले, ते कोंकणी-मराठी ‘मोडशी’चेच रूप मानले जाते. आज ‘मोडशी’ म्हणजे पोटाची साधी तक्रार. मारक रोगाचा अर्थ ‘पटकी’ आणि ‘महामारी’ यांच्याकडे गेला. ‘मोडशी झाल्यास अमुक करा’ असे सांगणाऱ्याने आधी कोणत्या शतकातील मोडशी हे सांगितले पाहिजे.

या शोधाचे महत्त्व केवळ संदेश दुरुस्त करण्यापुरते नव्हते. सर्व प्रकारांची नावे घेऊन शिकवावयास हवे, हा बोध झाला आणि त्याप्रमाणे शिकवणीत बदलही करण्यात आला. परंतु मोहीम फसली की यशस्वी झाली, हे ज्या टक्केवारीवरून ठरवावयाचे तिचा छेद कोणता, हा प्रश्नही त्यातून निघाला. चारही आजार छेदात घेतले तर स्त्रिया नापास होत होत्या. त्यांच्या शब्दाप्रमाणे डायरिया तेवढा घेतला तर निकाल पुष्कळच बरा होता. शिवाय त्यांची निवड वैद्यकदृष्ट्या सर्वस्वी चुकीची होती असेही नाही. शोष पडून मूल हातचे जाण्याचे भय पाण्यासारख्या रेचात सर्वाधिक असते. अंगावरच्या मुलाच्या दुध-हाग्यात ते क्वचितच असते. आईने केलेल्या वर्गीकरणात निरीक्षणाचा भाग मोठा होता, आणि संशोधकांच्या ‘दिवसातून इतक्या वेळा पातळ शौच’ या व्याख्येत तो कमी होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भाषेइतकाच प्रश्न विश्वासाचा होता. चौकशीत असेही उघडकीस आले की शिकविणाऱ्या सेविकांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःच्या घरी आजार आला की त्यांतील कित्येक जणी गोळ्या-औषधांकडे वळत. दहा मुद्दे तोंडपाठ, पण मन साशंक. तेव्हा हे पाणी आतड्यात नेमके काय करते, हे त्यांना समजावून देण्यात आले. पूर्वी ते अनावश्यक मानले गेले होते. आईसमोर केलेले पाणी आधी स्वतः पिऊन दाखवावे असाही परिपाठ पडला. दुसरी चूक पुरुषांसंबंधी होती. बायकांना कोणीतरी परक्या स्त्रिया येऊन काहीतरी शिकवून जातात आणि आपल्याला कोणी विचारीत नाही, याचा घरातील कर्त्या पुरुषांना राग होता. पुढे पुरुष कार्यकर्ते नेमून बाजारात, शाळांत आणि मशिदींत स्वतंत्र सभा घेण्यात येऊ लागल्या. नभोवाणीचेही साहाय्य घेण्यात आले. वापर वाढला तो या सर्वांनंतर, आणि हळूहळू.

ही मोहीम १९९० पर्यंत चालली. दहा वर्षांत सुमारे एक कोटी वीस लाख घरांत सेविका जाऊन आल्या. या काळाचा वृत्तान्त चौधुरी व कॅश यांनी १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला; १९६८ च्या निबंधाच्या दोन प्रमुख लेखकांपैकी एक या दुसऱ्या इतिहासाचाही लेखक व्हावा, हा योग विरळा आहे. बांगलादेशात १९८० च्या सुमारास दर हजारी जन्मांमागे सुमारे २०० मुले पाच वर्षांची होण्यापूर्वी मरण पावत. २०२० च्या सुमारास हा आकडा ३० च्या आसपास आला. याचे सारे श्रेय एका पाण्याला देणे योग्य होणार नाही. लसीकरण, कुटुंबनियोजन, मुलींचे शिक्षण, कूपनलिकांचे पाणी यांचा वाटा त्यात मोठा आहे, आणि त्यांची फारकत करणे संख्याशास्त्रज्ञांनाही सोपे गेलेले नाही. परंतु अतिसारात मुलाला मुखावाटे क्षारजल देण्याचे प्रमाण २००७ नंतरच्या राष्ट्रीय पाहण्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक आढळले, आणि इतके प्रमाण फार थोड्या देशांत आढळते.

कालांतराने घरी केलेले लवण-गुळाचे पाणी मागे पडले आणि तयार पाकिटे गावच्या दुकानांतून मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण एक लिटर पाण्याच्या पाकिटाचे आहे. बांगलादेशात घरोघर वापरले जाणारे ‘खाबार स्यालाइन’ मात्र अर्ध्या लिटरचे असते. अर्धा शेर आणि अर्धा लिटर यांत अंतर आहे ते एका घोटाचे.